विज्ञानकथेतल्या यानाला कोणतं इंजिन बसवावं? उपलब्ध मालाची झाडाझडती

दोनशे टनांचं यान, पृथ्वी ते मंगळ तीन दिवसांत, आणि वाटेत पूर्ण वेळ १ जी, म्हणजे पायाखाली पृथ्वीइतकंच वजन. विज्ञानकथा लिहायला बसलेल्याची पहिली मागणी बहुतेक वेळा हीच असते. मागणीत वावगं काही नाही, फक्त तिचं बिल आधी बघून घ्यावं. अंतर १५ कोटी किलोमीटर धरू. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून उरलेल्या वाटेत तो मारत आणायचा. प्रवास २.८६ दिवसांचा होतो आणि एकूण वेगबदल, ज्याला डेल्टा-व्ही म्हणतात, सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर. मागे फेकल्या जाणाऱ्या झोताचा वेगही तेवढाच घेतला तर इंजिनाची ताकद ४ टेरावॉटच्या घरात जाते. जगातली सगळी वीजकेंद्रं मिळून सरासरी जेवढी वीज देतात, त्याहून ही जास्त.

आता समजा इंजिन असं अफलातून आहे की ९९ टक्के ऊर्जा झोतातून मागे जाते आणि एकच टक्का यानाच्या अंगात मुरतो. तो एक टक्का म्हणजे ४० गिगावॉट. दोनशे टन पोलाद त्याने दर सेकंदाला ४०० अंशांनी तापतं. चौथ्या सेकंदाला सांगाडा वितळायला लागतो. नायक-नायिकेचा संवाद पहिल्या वाक्यातच संपला.

म्हणून खाली एकेक इंजिन तपासताना ते किती पळतं यापेक्षा ते आपल्याबरोबर काय काय गळ्यात बांधतं, हे जास्त बघितलं आहे. लेखकाला कथानक त्या गळ्यात बांधलेल्या गोष्टींतूनच मिळतं.

तोलायचं कसं

तीन आकडे पुरतात. पहिला झोताचा वेग. इंजिनाच्या माहितीत तो बहुधा स्पेसिफिक इम्पल्स म्हणून सेकंदांत दिलेला असतो; त्याला ९.८१ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण सांगतं की हवा असलेला वेगबदल झोताच्या वेगाइतका असेल तर भरलेलं यान रिकाम्याच्या २.७ पट जड लागतं. दुप्पट असेल तर ७.४ पट, तिप्पट असेल तर २० पट. दुपटीच्या पुढे गेलात की तुम्ही यान नाही, उडती टाकी लिहिताय.

दुसरा आकडा रेटा, म्हणजे थ्रस्ट. तिसरा ताकद, आणि लेखक घसरतात ते इथे. झोतात जाणारी ताकद म्हणजे रेटा गुणिले झोताचा वेग, भागिले दोन. याचा सरळ अर्थ असा की तेवढ्याच ताकदीत झोताचा वेग दुप्पट केला तर रेटा निम्मा होतो. काटकसरी इंजिन मंद असतं आणि दणकट इंजिन खादाड असतं. दोन्ही गुण एकाच इंजिनात हवे असतील तर ताकद वाढवावी लागते, आणि ताकदीबरोबर उष्णता आलीच.

एक शब्द आधीच वेगळा करून ठेवू. इंधन म्हणजे ज्यातून ऊर्जा मिळते ते. प्रोपेलंट म्हणजे जे मागे फेकलं जातं ते. साध्या रॉकेटमध्ये दोन्ही एकच असतात, म्हणून गल्लत खपून जाते. अणुइंजिनात खपत नाही.

सगळ्यांना एकच परीक्षा देऊ. प्रोपेलंट सोडून यानाचं वजन २०० टन. त्यात इंजिन, टाक्या, माणसं, सगळं आलं. पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून निघायला सेकंदाला ३.६ किलोमीटर, मंगळाच्या खालच्या कक्षेत शिरायला २.१, एकेरी खेप ५.७, जाऊन-येऊन ११.४.

रासायनिक: जुनं ते सोनं, पण जड सोनं

द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून झोताला सेकंदाला ४.४ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, आणि रसायनशास्त्राकडे यापुढे फारसं काही शिल्लक नाही. आपल्या यानाला एकेरी खेपेला ५३० टन प्रोपेलंट लागतं. जाऊन-येऊन करायचं तर २,४७० टन. इतका माल ठेवणाऱ्या टाक्या मालाच्या पाच टक्के वजनात बसवल्या तरी १२० टन त्यांनीच खाल्ले. २०० टनांत माणसं कुठे बसवणार? म्हणजे परतीचं प्रोपेलंट मंगळावरच बनवावं लागणार. तिथे मिथेन सोयीचं पडतं. मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बर्फातून काढलेला हायड्रोजन यांतून ते तयार होतं, आणि साठवायला हायड्रोजनइतकं नखरेल नसतं. झोताचा वेग मात्र ३.७ पर्यंत उतरतो.

वेळापत्रक कडक आहे. सर्वात स्वस्त मार्गाने जाणं २५९ दिवस, निघायची संधी दर ७८० दिवसांनी, आणि मंगळावर पोहोचल्यावर परतीची संधी यायला सुमारे ४५० दिवस. हे वेळापत्रक म्हणजे तयार कथानक आहे. संधी हुकली की दोन वर्षं अडकलात. वसाहतीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बंड, प्रत्येक औषधाचा तुटवडा या तारखांभोवती फिरेल.

आणि एक गोष्ट याच्याइतकी नेटाने दुसरं कुणी करत नाही: ग्रहावरून उठणं. पुढची बहुतेक इंजिनं एकतर स्वतःचं वजनही उचलू शकत नाहीत किंवा उचलू दिली जाणार नाहीत. तुमच्या जगात काहीही असो, जमीन ते कक्षा या खेपांना रासायनिक रॉकेट ठेवा.

अणुऔष्णिक: आमची पहिली पसंती, अटींसकट

कल्पना साधी. अणुभट्टीतून थंड हायड्रोजन सोडायचा, तो तापून नोझलमधून बाहेर पडतो. जळत काहीच नाही. हायड्रोजनचा रेणू हलका, म्हणून तेवढ्याच तापमानाला जास्त पळतो. झोताचा वेग सेकंदाला ८.३ किलोमीटर, रासायनिकच्या जवळजवळ दुप्पट. हे कागदावरचं नाही. अमेरिकेत १९५५ ते १९७३ या काळात रोव्हर आणि नर्वा प्रकल्पांत नेव्हाडाच्या वाळवंटात अशा भट्ट्या चालवून पाहिल्या. १९६८ मध्ये फीबस-२ए ही भट्टी ४,००० मेगावॉटपर्यंत पोहोचली.

आपल्या यानाला जाऊन-येऊन ५८५ टन हायड्रोजन पुरतो, रासायनिकच्या पावपट. पण द्रव हायड्रोजन घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो. ५८५ टनांना ८,२०० घनमीटर जागा लागते, म्हणजे २५ मीटर व्यासाचा गोळा. गंमत म्हणजे चौपट जड असलेलं रासायनिक प्रोपेलंट ६,८०० घनमीटरांत मावतं, कारण त्यातला बहुतांश भाग जड ऑक्सिजनचा असतो. म्हणजे अणुयान हलकं असतं पण दिसायला मोठं. चित्रकाराला यान काढायला सांगत असाल तर हे आधी सांगा. सडपातळ अणुयान सपशेल चुकीचं.

हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो. सूर्य, भट्टी आणि माणसांच्या खोल्या, तिघेही त्याला तापवतात. शीतकरण यंत्रणा बंद पडली की टाकीतला दाब वाढतो, झडप उघडावी लागते, आणि परतीचं प्रोपेलंट रोज थोडं थोडं अवकाशात जातं. स्फोट नाही, आग नाही, फक्त एक काटा खाली येत राहतो. याहून चांगला तणाव विकत मिळत नाही.

नर्वाच्या ताकदीचं एक इंजिन साधारण ३३० किलोन्यूटन रेटा देतं. भरलेल्या ७८५ टनांच्या यानाला एकाच इंजिनाने पृथ्वीपासून सुटायला जवळजवळ दोन तास लागतील; तीन लावली तर ३९ मिनिटं. तीनच लावा. ग्रहाच्या जवळ, वेग जास्त असताना दिलेला रेटा सर्वात फळतो. रेटा लांबवला की यान वर सरकत जातं आणि तो फायदा निसटतो.

बिघडतं काय? १९६२ च्या किवी-बी४ए चाचणीत इंधनाचे घटक तडकले आणि तुकडे झोतातून बाहेर आले. हायड्रोजनच्या प्रवाहाने गाभ्यात कंप सुटत होता, हे पुढे भट्टी न पेटवता नुसता वायू सोडून केलेल्या चाचण्यांत उघड झालं. दुसरा रोग हळू मारणारा: तापलेला हायड्रोजन गाभ्यातलं ग्रॅफाइट कुरतडतो. त्यावर कार्बाइडचा लेप देतात, पण लेप आणि ग्रॅफाइट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, लेपाला भेगा जातात आणि कुरतडणं पुन्हा सुरू. म्हणून अशा इंजिनाचं आयुष्य तासांत मोजा, आणि किती वेळा पेटवलं-विझवलं त्याची नोंद ठेवा. जुनं अणुइंजिन विकत घेणारं पात्र असेल तर त्याने आधी ती नोंदवही मागावी.

आता जवळून एक दृश्य. इंजिन बंद केलं. रेटा थांबला, माणसं आसनांवरून तरंगायला लागली. पण भट्टीत तयार झालेले किरणोत्सारी तुकडे विघटित होतच राहतात. १.५ गिगावॉटच्या भट्टीत बंद केल्याक्षणी पाचेक टक्के, म्हणजे ७५ मेगावॉट उष्णता चालूच असते. तासाभरानेही एक-दोन मेगावॉट उरते. ती बाहेर काढायला हायड्रोजन थोडा थोडा सोडत राहावं लागतं. तो सोडला की बारीकसा रेटा मिळतोच, आणि मार्गाच्या हिशेबात तो धरावा लागतो. ज्या कथेत कप्तान बटण दाबून भट्टी ‘बंद’ करतो आणि लगेच इंजिनाजवळ पाना घेऊन जातो, ती कथा तिथेच संपली पाहिजे, कप्तानासकट. संरक्षक भिंत फक्त माणसांच्या दिशेला असते. सगळीकडे लावली तर वजन परवडत नाही. तिच्यामागे शंकूच्या आकाराची सुरक्षित सावली पडते. दुसऱ्या यानाने जवळ यायचं तर नाकासमोरून, त्या सावलीत राहून. बाजूने येणारा एकतर अडाणी किंवा शत्रू.

आयन आणि तिचा मोठा भाऊ

झेनॉन वायूच्या अणूंवर विद्युतभार चढवायचा आणि विजेच्या जाळीतून त्यांना हाकलायचं. झोत सेकंदाला ३० किलोमीटर. डॉन या यानाने २००७ मध्ये निघून ४२५ किलो झेनॉनवर सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगबदल साधला आणि व्हेस्टा व सेरेस अशा दोन खगोलांभोवती फिरून दाखवलं. हे रासायनिक इंजिनाला त्या आकाराच्या यानात जमलंच नसतं. पण डॉनच्या इंजिनाचा कमाल रेटा होता ९० मिलिन्यूटन. तळहातावर कागदाचे दोन ताव ठेवा, तेवढा.

आपल्या २०० टनांना एक मेगावॉट वीज दिली तर सुमारे ४० न्यूटन मिळतात. इतक्या मंद रेट्याने कक्षेतून सर्पिल वाट काढत सुटावं लागतं. नुसतं पृथ्वीपासून सुटायला रासायनिक यानाला ३.२ लागतात तिथे आयन यानाला ७.७ किलोमीटर प्रति सेकंद खर्ची पडतात. मंगळापर्यंतचा एकूण खर्च १४ धरला तर झेनॉन १२० टन, आणि सलग रेट्याचा काळ २.८ वर्षं! पाच मेगावॉट दिले तर सात महिन्यांवर येतो. शिवाय सर्पिल वाट पृथ्वीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून महिनोन्महिने जाते, म्हणून माणसांना नंतर, उंच कक्षेत, वेगळ्या यानाने पोहोचवायचं. हा तपशील बहुतेक लेखक विसरतात आणि जाणकार वाचक पहिल्या पानावर पकडतात.

झेनॉनचं दुखणं वेगळं. हवेच्या एक कोटी भागांत तो जेमतेम एक भाग सापडतो आणि जगाचं वर्षाचं उत्पादन शंभर टनांच्या आतलं आहे. तुमच्या कथेत अशा यानांचा ताफा असेल तर झेनॉनवरून युद्ध लावा नाहीतर आर्गॉन वापरा. स्टारलिंकच्या उपग्रहांनी आधी क्रिप्टॉन, मग आर्गॉन अशीच वाट धरली. आर्गॉन मुबलक आहे. टाकी मोठी आणि कार्यक्षमता थोडी कमी, एवढं सोसा.

दुरुस्तीची अस्सल गोष्ट हवी असेल तर लघुग्रहावरून नमुने आणणाऱ्या जपानच्या हायाबुसा यानाकडे बघा. धनभारित आयन बाहेर गेले की यान ऋणभारित होतं आणि आयनांना परत ओढायला लागतं. म्हणून शेजारी न्यूट्रलायझर इलेक्ट्रॉन सोडत असतो. परतीच्या वाटेवर २००९ मध्ये इंजिनं एकामागून एक गेली. शेवटी एका इंजिनाचा चांगला न्यूट्रलायझर आणि दुसऱ्याचा चांगला आयनस्रोत जोडून त्यांचं मिळून एक इंजिन चालवलं, आणि २०१० च्या जूनमध्ये नमुने पृथ्वीवर पोहोचले. हे जमलं कारण तशी जोडणी करता यावी म्हणून सर्किटमध्ये एक डायोड आधीच ठेवला होता. आयत्या वेळच्या हुशारीपेक्षा आधी ठेवलेला डायोड कथेत जास्त विश्वसनीय वाटतो.

वीज कुठून आणायची? पृथ्वीपाशी चौरस मीटरला १,३६१ वॉट सूर्यप्रकाश मिळतो, गुरूपाशी त्याचा सत्ताविसावा भाग. पाच मेगावॉटला पृथ्वीजवळच १२,००० चौरस मीटर पॅनेल लागतात. मंगळापर्यंत सूर्य चालेल; त्यापुढे माणसं न्यायची तर अणुभट्टी. अमेरिकेने १९६५ मध्ये स्नॅप-१०ए ही भट्टी कक्षेत पाठवली होती. ४३ दिवसांनी ती बंद पडली, तीही अणुभागातल्या नव्हे, विजेच्या साध्या नियंत्रकातल्या बिघाडाने. लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भट्टीवरच्या विजेच्या इंजिनात खरा आकडा झोताचा नसतोच. तो असतो दर किलोवॉटमागे यंत्रणेचं वजन किती किलो. दहा किलो धरलं आणि वर्षभर रेटा द्यायचा असेल तर झोताचा योग्य वेग ६० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान येतो. त्याहून वेगवान झोत घेतला तर प्रोपेलंट वाचतं, पण वीजकेंद्राचं वजन त्याहून जास्त वाढतं. ‘जितका वेगवान झोत तितकं चांगलं’ हा समज इथे आपटतो.

रेडिएटर: इंजिनाचा न दिसणारा निम्मा भाग

निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नाही, पाणी नाही. फक्त प्रारण, म्हणजे तापलेल्या पत्र्याने किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकणं. तो पत्रा म्हणजेच रेडिएटर. आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढतं: केल्विनमधलं (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमान दुप्पट तर क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर. पाच मेगावॉट वीज देणारी भट्टी २५ टक्के कार्यक्षमतेने चालली तर १५ मेगावॉट उष्णता टाकायची उरते. ८०० केल्विनला दोन्ही बाजूंनी प्रारण करणारा ३६० चौरस मीटरचा पत्रा पुरतो. हेच ४०० केल्विनला करायचं म्हटलं तर पावणेसहा हजार. म्हणून भट्टीचा रेडिएटर लहान आणि तप्त, माणसांच्या खोल्यांचा वेगळा, थंड आणि त्याच्या वाट्याच्या उष्णतेच्या मानाने अवाढव्य. दोन्ही एकाच नळात जोडणारा अभियंता नोकरीवरून काढावा.

पत्रे एकमेकांसमोर ठेवू नका. एकाने टाकलेली उष्णता दुसरा पितो. चार पंखांचं यान दिसायला छान, पण दोन पंखांचं जास्त खरं. प्रत्येक पत्र्यात नळ्यांची स्वतंत्र वर्तुळं ठेवा, म्हणजे खडा लागून एक फुटली तरी सगळं शीतकद्रव्य जात नाही.

सौर शीड

थोडक्यात उरकतो. आरशासारख्या शिडावर सूर्यप्रकाशाचा रेटा पृथ्वीपाशी चौरस किलोमीटरला ९ न्यूटन. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये १४ मीटर बाजूचं शीड घेऊन शुक्राची वाट धरली आणि ही गोष्ट चालते हे दाखवलं. प्रोपेलंट शून्य, म्हणून घाई नसलेल्या मालाला उत्तम. सूर्यापासून दुप्पट दूर गेलात की रेटा पाव. माणसांची कथा असेल तर पुढे चला.

दणकट आणि धोकादायक

ओरायन हा १९५८ ते १९६५ मधला अमेरिकी प्रकल्प: यानामागे छोटे अणुबॉम्ब फोडायचे, जाड थाळी तो धक्का झेलते आणि धक्काशोषक तो माणसांपर्यंत सौम्य करून पोहोचवतात. झोताचा परिणामी वेग सेकंदाला २० ते ६० किलोमीटर, शिवाय रेटा भरपूर. दोन्ही गुण एकत्र देणारं, आजच्या ज्ञानावर बांधता येईल असं याच्यासारखं दुसरं नाही. साध्या स्फोटकांवर छोटा नमुना उडवूनही दाखवला होता. थाळी झिजू नये म्हणून दर स्फोटाआधी तिच्यावर तेलाचा फवारा मारायचा विचार होता. गोची कुठे? १९६३ च्या करारानं हवेतल्या आणि अवकाशातल्या अणुस्फोटांवर बंदी आली, आणि हजारो बॉम्ब असलेलं मालवाहू यान कुठलंही सरकार शांतपणे बघणार नाही. एखादा बॉम्ब फुटलाच नाही तर परत येणाऱ्या थाळीला थोपवणारं कुणी नसतं आणि धक्काशोषकांवर उलटा ताण येतो. राजकीय थरारासाठी हे इंजिन घ्या. प्रवासकथेसाठी नको.

अमेरिकी अभियंते रॉबर्ट झुब्रिन यांनी १९९१ मध्ये मांडलेलं मिठाच्या पाण्याचं अणुरॉकेट त्याहून बेफाम. समृद्ध युरेनियमचा क्षार पाण्यात विरघळवून ते नोझलमध्ये सोडायचं; तिथे पुरेसं साचलं की साखळी अभिक्रिया सुरू, आणि ती शेवटपर्यंत सुरूच. प्रस्तावातला झोत सेकंदाला ६६ किलोमीटर. टाकी म्हणजे न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉन कार्बाइडच्या बारीक नळ्यांचा जुडगा, कारण तेच पाणी एका भांड्यात जमलं तर ते भांडंच भट्टी होतं. आता विचार करा: नळी फुटली, पाणी तळाच्या एका कोपऱ्यात साचतंय, आणि यानाने वळण घेतलं. लेखकाला आणखी काय हवं? चाचणी मात्र एकदाही झालेली नाही, हे विसरून आकडे लिहू नका.

संलयन: कथेचं लाडकं इंजिन

संलयन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं. महिनाभरात मंगळ हवा, पण जादू नको, अशांसाठी हेच. आपल्या २०० टनांच्या यानात ४७० टन हायड्रोजन भरा. झोत सेकंदाला २०० किलोमीटर, रेटा ४० किलोन्यूटन. प्रोपेलंट सेकंदाला २०० ग्रॅम जातं आणि २७ दिवस पुरतं. एकूण वेगबदल २४२. सरासरी त्वरण ०.०१ जीच्या आसपास, म्हणजे पेन सोडलं की तरंगत तरंगत काही सेकंदांनी जमिनीला लागतं. ताकद ४ गिगावॉट. यातले पाच टक्के यानात मुरले तर २०० मेगावॉट, आणि १,३०० केल्विनला सुमारे ७०० चौरस मीटर रेडिएटर. हे सगळं यानात बसतं, म्हणून हा आमचा आवडता संच.

इंधन म्हणजे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हलका हेलियम). ते पूर्ण जळले तर त्या २७ दिवसांना २७ किलो इंधन पुरेल; बाकी ४७० टन नुसतं मागे फेकायचं ओझं. त्या २७ किलोत १६ किलो हेलियम-३. चंद्राच्या मातीत अब्ज भागांत १० भाग धरले तर एका खेपेसाठी १६ लाख टन माती भाजावी लागेल. म्हणजे तुमच्या जगात चंद्रावर प्रचंड खाणी आहेत, नाहीतर कुणीतरी महाग्रहांच्या वातावरणातून ते गाळतंय. जे कोणी हे करतंय, सत्ता त्यांच्याकडे.

हेलियम-३ ऐवजी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, घ्यायचा मोह आवरा. ड्युटेरियम-ट्रिटियममध्ये ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन पळवतात, आणि त्यांच्यावर विद्युतभार नसल्याने चुंबकी नोझल त्यांना वळवू शकत नाही. ४ गिगावॉटचा झोत हवा तर भट्टी २० गिगावॉटची आणि १६ गिगावॉट न्यूट्रॉन चहूकडे. त्यांना वाट द्यायला यान लांब, हडकुळं आणि इंजिनापाशी जवळजवळ उघडं करा. शिवाय ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मा होतो. जुना साठा सापडल्याचं कथानक त्यावर उभं करू नका. हेलियम-३ही पूर्ण स्वच्छ नाही. ड्युटेरियमचे अणू आपापसात भिडतात आणि थोडे न्यूट्रॉन निघतातच.

वेळ काढायला सूत्र सोपं: अंतर भागिले त्वरण, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. पृथ्वी-मंगळ अंतर साडेपाच ते चाळीस कोटी किलोमीटर बदलतं, म्हणून ०.०१ जीला प्रवास १७ ते ४७ दिवसांचा. दूरच्या टोकाला सूर्य मध्ये येतो, म्हणून वळसा आणि आणखी एखाद-दोन दिवस. प्रोपेलंटही त्या प्रमाणात जास्त. २४२ पुरत नाही, ३९५ लागतात. म्हणजे हंगाम संपत नाही, फक्त भाडं वाढतं. एक खड्डा: ०.००१ जीला हे सूत्र वापरू नका. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याची ओढच त्या त्वरणाच्या निम्म्याहून जास्त असते. सरळ रेषेचा हिशेब तिथे खोटा पडतो.

प्रतिद्रव्याचं थोडक्यात. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याशी भिडलं की ४३ किलोटन टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा, आणि आजवर माणसाने बनवलेलं सगळं मिळून ग्रॅमच्या जवळपासही नाही. चुंबकी कुपीची वीज गेली की यान गेलं. ज्या जगात हे भरपूर आहे तिथे ते इंजिनात घालण्याआधी कुणीतरी शहरावर टाकेल. मग कथा इंजिनाची राहत नाही.

निवड पक्की झाल्यावर

एका यानाला एकच इंजिन हा हट्ट सोडा. वर चढायला रासायनिक, ग्रहाजवळून झटक्यात सुटायला अणुऔष्णिक, लांबच्या मालाला वीज किंवा शीड, श्रीमंतांना आणि नौदलाला संलयन. बंदराचे नियम झोतावरून ठरवा: ४ गिगावॉटच्या झोताचं तोंड स्थानकाकडे करणं हा अपघात नसतो, हल्ला असतो. म्हणून थांबताना शेवटचे काही हजार किलोमीटर लहान रासायनिक इंजिनांवर, आणि थांबायच्या रेषेत स्थानक नको, बाजूला हवं.

कथेत आकडे किती द्यावेत? वाचकाला दिवस आणि टाकीत उरलेलं टक्क्यात, एवढं पुरतं. बाकी रेडिएटरच्या रंगावर सोडा. ८०० केल्विनला पत्रा अंधारात जेमतेम काळसर लाल दिसतो, १,३०० ला नारिंगी. इंजिन विझल्यावर तो हळूहळू काळा पडत जातो, आणि खिडकीतून बघणाऱ्या माणसाला एक पट्टा अजून नारिंगीच दिसत असेल, तर त्या नळीतलं शीतकद्रव्य फिरायचं थांबलंय.